सातपुडा आपलाच, पण आपण तिथे गेलो कधी?

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी दीड महिना बल्गेरियात होतो. ऑफिस राजधानीत, सोफियात. एकदा शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, तेव्हा ऑफिसातले चौघे आणि मी अशी पाच जणांची गाडी दक्षिणेकडच्या रोडोपी डोंगरात निघाली. वाटेत प्लोवदिव शहरातली उस्मानी काळातली जुमा मशीद पाहिली. पुढे १०८३ साली स्थापन झालेला बाचकोवोचा ख्रिस्ती मठ पाहिला आणि घाट चढून चेपेलारे, स्मोल्यान, शिरोका लका अशी डोंगरातली छोटी गावं करत गेलो. दगडी घरं, लाकडी सज्जे आणि जेवणात सगळीकडे दही.

दुसऱ्या रात्री स्मोल्यानजवळच्या एका खेड्यात मुक्काम होता. घराची मालकीण सत्तरीची. मी डुकराचं मांस खात नाही हे कसं सांगावं, याचा विचार करत होतो, तर तिनंच सांगितलं की या घरात ते शिजत नाही. ती मुसलमान होती. बोलत मात्र होती बल्गेरियन. रोडोपीतल्या या लोकांना पोमाक म्हणतात. धर्म इस्लाम, मातृभाषा बल्गेरियन. माझा एक सहकारी मध्ये बसून आमचं बोलणं इंग्रजीत करून देत होता. तिच्या बोलण्यातले 'पझार', 'सांदुक', 'तेफ्तेर' हे शब्द मात्र मला त्याच्याशिवायच कळले. आपले बाजार, संदूक आणि दफ्तर.

मग तिनं विचारलं, "तुझ्या गावाकडे डोंगर आहेत का?" मी जोरात मान हलवली, आपण 'हो' म्हणताना हलवतो तशी. ती हळहळली. सहकारी हसायला लागला. बल्गेरियात मान वरखाली केली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो'. त्यानं खुलासा केल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "आहेत ना? मग कसे आहेत?"

मी म्हटलं, सातपुडा आहे. पुढे मला काही सांगता येईना. झाडं कोणती, वर कोण राहतं, वाट कुठून चढते, काहीच नाही. त्या रात्री वाटलं, चुकून हलवलेली मान खरंच बोलत होती.

घरापासून तीन-चार तासांवर

माझं गाव वरूड. संत्र्यांचं गाव. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. रेघेच्या पलीकडे मुलताई. तिथे तापीचा उगम. वर्धा नदीही त्याच भागातून निघते. एक अरबी समुद्राला मिळते, दुसरीचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. शाळेत हे पाठ करून मी पूर्ण मार्क घेतले होते. पाहिलं मात्र नव्हतं. चिखलदरा हे विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. वरूडहून मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा करत गेलं तर तीन-चार तासांची वाट. मी तिथे आठवीच्या सहलीत एकदाच गेलो होतो आणि माकडानं डबा पळवला एवढंच आठवत होतं.

तुमच्या फोनमध्ये वर्षभरात कुठे गेलात त्याचा नकाशा निघतो. तो एकदा उघडून पाहा. माझ्या नकाशात पुण्याचं ऑफिस, वरूडचं घर, अमरावतीचं सासर, नागपूरचा दवाखाना आणि एक लग्न होतं. अब्बांचा असा नकाशा काढला तर त्यात अजमेर येईल, बाकी तेच. अम्मीचा काढला तर माहेर आणि सासर यांच्यामध्ये ओढलेली एक रेघ उरेल.

याचं पहिलं कारण पैसा, हे मान्य. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या घराला फिरायला जा म्हणणं सोपं नाही. पण वरूड-अमरावतीतल्या ज्या मुस्लिम घरांत दोन पगार येतात, लग्नात मंडपावर लाखभर खर्च होतो, तीही डोंगरात जात नाहीत. म्हणजे पैशापलीकडेही काही आहे.

ते काय आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं. आम्ही पाच मित्र, पाचही मुसलमान, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. लॉजवाल्यानं आधी खोली आहे म्हणून सांगितलं. ओळखपत्रं हातात घेतली, एकेक वाचली आणि म्हणाला, आत्ताच फोन आला, सगळ्या खोल्या भरल्या. आम्ही पायरीवर बूट घालत असतानाच मागून आलेल्या चौघांना त्यानं किल्ली दिली. ती रात्र आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर काढली. घरी कोणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची सगळी वाट बंद झाली असती. गंमत बघा, न सांगताही ती बंदच झाली. नंतर पंधरा वर्षं मी स्वतःहून कुठल्याच डोंगरावर गेलो नाही. लॉजवाल्यानं एक दार लावलं, बाकीची मी लावली.

सहा जण, दोन खोल्या

बल्गेरियाहून आल्यावर धाकट्या बहिणीला मी फोटो दाखवत होतो. ती अमरावतीत एमएस्सी करते. सगळे फोटो पाहून ती म्हणाली, "भाईजान, तुम्ही तिकडचे डोंगर पाहून आलात. मला चिखलदरा तरी दाखवा." तिच्या कॉलेजची सहल दर पावसाळ्यात जाते. तिला घरून कधी परवानगी मिळाली नव्हती.

गेल्या डिसेंबरात आम्ही निघालो. मी, बायको, बहीण, मामेभाऊ, वरूडचा माझा शाळासोबती आणि परतवाड्याची खाला. शाळासोबत्याची संत्र्याची बाग आहे आणि तो हिंदू आहे. अम्मीनं आधी नेहमीचं ऐकवलं, "लड़की को काहे को लेके जाता जंगल में?" शेवटी अचलपूरला दूल्हा रहमान शाह गाझींच्या दर्ग्यावर जियारत करू, असं म्हटल्यावर ती राजी झाली. हा आपल्या घराघरातला जुना सौदा आहे. बाईला बाहेर पडायला कारण लागतं आणि ते कारण सवाबाचं असावं लागतं. जियारत आम्ही मनापासून केली. पण नुसतं डोंगर पाहायला जायचंय, हे कारण पुरेसं का नसावं, हा प्रश्न बहिणीनं बसमध्येच विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोली कोणाच्या नावानं घ्यायची, हा खरा प्रश्न होता. सोबती म्हणाला, "माझ्या नावानं घेऊ, कटकट नको." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी 'हो' म्हणणारच होतो. बहीण म्हणाली, "नाही. माझ्या नावानं घ्या. नाही म्हणाले तर नाही म्हणू दे. मग बघू." चिखलदऱ्याच्या त्या छोट्या हॉटेलच्या काउंटरवर तिनं आधार कार्ड ठेवलं. माणसानं ते पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. तेवढ्या वेळात माझ्या पोटात पंधरा वर्षांपूर्वीचा गोळा आला. त्यानं मान वर करून विचारलं, "सकाळी गरम पाणी किती वाजता पाहिजे?"

एवढंच झालं. यावरून सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. एका चांगल्या काउंटरनं दुसरा वाईट काउंटर खोटा ठरत नाही. पण मी गेलो नसतो तर माझ्या हिशेबात फक्त वाईट काउंटरच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर चहावाल्यानं विचारलं, "कुठले जी तुमी?" सोबती म्हणाला, "वरूडचे." बहिणीचा हिजाब, माझी दाढी, सगळं त्याच्या समोर होतं. तो म्हणाला, "अन् संत्रा नाही आणला? असं कसं चालते बाप्पा!" पुण्यात मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" त्यावर काय बोलावं हे अजून मला सुचत नाही. त्या टपरीवर माझ्या मराठीचं कोणालाच कौतुक नव्हतं. संत्री आणली नाहीत म्हणून मात्र आम्ही गुन्हेगार होतो.

किल्ला कोणाचा?

चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड आहे. तिथे आमच्यासारखी पोरं जातात आणि दोन प्रकारची रील बनवतात. एकीत किल्ला 'आपला' असतो, कारण बहमनी सुलतानानं बांधला. दुसरीत तो 'त्यांनी बळकावलेला' असतो. दोन्ही रील बनवणाऱ्यांनी दरवाजाकडे नीट पाहिलेलं नसतं.

गाविलगड हे नाव गवळ्यांवरून आलं. त्यांची तिथे आधी मातीची गढी होती असं सांगतात. दगडी किल्ला १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशाह वली यानं उभारला. १४८८ मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यानं त्याची डागडुजी केली. पुढे यानंच वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली आणि एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, तिची राजधानी झाली. हा फतहुल्लाह कोण? फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की तो विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू कुटुंबातला मुलगा, लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. हा दोन तोंडांचा पक्षी विजयनगरच्या नाण्यांवरही दिसतो. इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं संपवली. म्हणजे मुसलमान राजाचं राज्य मुसलमान राजानंच घेतलं.

आणि हा किल्ला शेवटी लढला तो कोणासाठी? १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं तो घेतला. वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. किल्ला होता नागपूरकर भोसल्यांचा आणि तो लढवताना किल्लेदार बेनीसिंह मारला गेला. दोनच दिवसांनी अचलपूरजवळ देवगावचा तह झाला. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाकडे आला. ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी इथे दौलतराव शिंद्यांनीही तह केला. आमच्या एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांवर ही नावं होती. आपल्या आजोबा-पणजोबांचा मुलूख कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे दोन आठवड्यांत याच घाटाखाली ठरलं. मी इतिहासाच्या परीक्षेत वॉटर्लू लिहिलं होतं. गाविलगड कोणी विचारलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरून अंजनगाव, अकोट करत अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याला गेलो. पायथ्याच्या गावाचं नाव शहानूर. वर चढत गेलं की महाकाली दरवाजा लागतो. त्यावर कमळं कोरलेली आहेत आणि सोबत १४८७ चा शिलालेख आहे, सुंदर वळणदार अक्षरांत. त्या अक्षरांखालून जाणारा प्रत्येक माणूस दरवाजाला महाकालीच म्हणतो आणि त्यात कोणालाच काही विचित्र वाटत नाही.

बहीण दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. ती दरवाजाखाली उभी राहून अक्षरं लावायला लागली. लिपी फार गुंतलेली, सगळं वाचता आलं नाही, पण काही शब्द लागले. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. सोबतच्या मास्तरांनी विचारलं, "ताई, तुम्हाला वाचता येते का हे? पोरांना सांगा न थोडं." तिनं सांगितलं. उजवीकडून डावीकडे कसं वाचायचं, हे अक्षर कोणतं, ते कोणतं. तीस-पस्तीस पोरं माना वर करून ऐकत होती. उर्दू शाळेत शिकली म्हणून नोकरी मिळणार नाही, हे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. त्या दुपारी त्या दरवाजापाशी ती भाषा येणारी ती एकटीच होती आणि सगळ्यांना तिची गरज होती.

किल्ला कोणाचा, या भांडणाचं उत्तर मला तिथे मिळालं. जो येईल, नीट पाहील आणि दुसऱ्याला सांगेल, त्याचा. आपण येतच नाही आणि मग आपल्या नावानं दुसरेच काहीतरी सांगतात अशी तक्रार करतो.

डोंगर रिकामा नाही

'आपला सातपुडा' म्हणताना एक भान हवं. हा डोंगर आधीपासून कोरकूंचा आहे. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघासाठी यातली कित्येक गावं उठवून दुसरीकडे वसवली गेली. 'तुम्ही इथले नाही' हे ऐकण्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. मग आपण तिथे जाऊन कोरकू बाईचा तिला न विचारता फोटो काढायचा, जंगलात बाटल्या टाकायच्या, रात्री मोठ्यानं गाणी लावायची, हे शोभत नाही. मुक्काम त्यांच्या गावाजवळ करा, जेवण त्यांच्याकडून घ्या, त्यांच्या भाषेतले दोन शब्द शिका. पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं.

तीन आक्षेप

घरात हा विषय काढला की तीन गोष्टी ऐकायला मिळतात.

पहिली, "आजकाल परिस्थिती बरी नाही." हे खरं आहे आणि ते हसून उडवण्यासारखं नाही. मी कोणाला एकट्यानं शौर्य गाजवायला सांगत नाही. म्हणूनच म्हणतो, पाच-सहा जण जा. चाळीस जणांची बस नको, तिथे माणूस आपल्याच माणसांत बसून परत येतो. एकटं नको, त्यात घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पाच-सहा जण एका टपरीवर मावतात, एका घरी जेवू शकतात, गावकऱ्यांशी बोलू शकतात. कुठे थांबणार ते घरी सांगून निघा. आणि खोली नाकारली तर गप्प बसू नका, भांडूही नका. संविधानाच्या कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे धर्म किंवा जातीवरून कोणाला अडवता येत नाही. कलम १९ देशभर मोकळेपणानं फिरण्याचा हक्क देतं. कारण लेखी मागा, तारीख-वेळ लिहून ठेवा, घरी सांगा. आम्ही पाच मित्रांनी ते सांगितलं नाही, ही आमची चूक होती.

दुसरी, "ही फिजूलखर्ची आहे." एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. आमच्या तीन दिवसांचा खर्च माणशी तीन हजारांच्या आत बसला. एका लग्नात घालायच्या कपड्यांना याहून जास्त लागतात. आणि ज्यांना दिनी आधार हवा, त्यांनी एवढंच आठवावं की प्रवाशासाठी नमाज आखूड केली गेली, रोजा पुढे ढकलण्याची सूट दिली गेली. माणूस प्रवास करणार, हे आपल्या दीननं आधीच धरून ठेवलंय. चौदाव्या शतकात इब्न बतूता मोरोक्कोच्या तंजाहून निघून दौलताबाद आणि नंदुरबारपर्यंत आला, तिथल्या माणसांबद्दल लिहून गेला. आपण वरूडहून चिखलदऱ्यालाही जाऊ नये?

तिसरी, "मुलींना कशाला?" यावर मी फार बोलणार नाही, खालाचं सांगतो. ती लग्न होऊन परतवाड्याला आली त्याला चौतीस वर्षं झाली. घाट तिच्या घराच्या मागून चढतो. ती गाविलगडाच्या दरवाजात गुडघे धरून बसली आणि खालच्या दरीकडे पाहत म्हणाली, "इतने साल नीचे रही मैं. ये ऊपर है, मालूमच नै था." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मलाच खाली बघावंसं वाटलं. जी बाई चौतीस वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहून वर गेली नाही, तिला अडवायला कुठला लॉजवाला आला नव्हता. अडवणारे आपणच होतो. बाहेरच्यांशी हक्काची भाषा बोलायची आणि घरातल्या बाईला उंबऱ्याच्या आत ठेवायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

दोन नावांची बाई

रोडोपीतल्या त्या मालकिणीचं एक सांगायचं राहिलं. तिला दोन नावं होती. एक आईनं ठेवलेलं, एक सरकारनं. कम्युनिस्ट राजवटीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोमाकांची मुस्लिम नावं सक्तीनं बदलून बल्गेरियन नावं लावली गेली. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तेच तिथल्या तुर्कांच्या बाबतीत झालं, आठ लाखांहून जास्त माणसांच्या बाबतीत. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक घरंदारं सोडून तुर्कस्तानात गेले. राजवट पडल्यावर नावं परत घेता आली. २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेनं या सक्तीचा निषेध करणारा ठराव केला.

मी तिला विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं? ती म्हणाली, "कागदावर ते काहीही लिहायचे. पण या डोंगरातली एक वाट अशी दाखव जी मला माहीत नाही."

डोंगर ओळखीचा असला म्हणून अन्याय टळत नाही. तिथेही टळला नाही. पण 'तू इथली नाहीस' हे तिला कोणी पटवून देऊ शकलं नाही, कारण तिचे पाय त्या वाटांवरून गेलेले होते. आपण मात्र आपण इथलेच आहोत हे फोनवर भांडून सिद्ध करतो. जुने सातबारे, दस्तावेज, पूर्वजांची नावं टाकतो. त्याचीही गरज असेल. पण ज्या मुलखासाठी भांडतो, तिथली एक तरी वाट आपल्या पायांना माहीत असावी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या हिवाळ्यात पाच-सहा जण ठरवा. त्यात निदान दोन बायका असू द्या, एक वयस्कर आणि एक कॉलेजात जाणारी. एखादा शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर उत्तम, पण ढाल म्हणून नको, मित्र म्हणून. खोली आपल्या नावानं घ्या. कोकणात असाल तर सह्याद्री, खानदेशात असाल तर तोरणमाळ, आमच्याकडे असाल तर चिखलदरा आणि नरनाळा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, संध्याकाळच्या आत खाली उतरा. परत आल्यावर काय पाहिलं ते घरच्यांना बसवून सांगा, बरं आणि वाईट दोन्ही.

आमच्या घरी ते सांगून झालं. सगळं ऐकल्यावर अम्मीनं विचारलं, "मुक्तागिरी उधरीच है ना? वो जैन लोगां के मंदिर, झरने के पास?" मी म्हटलं, परतवाड्याजवळच. ती म्हणाली, मग फेब्रुवारीत जाऊ. या वेळी जियारतीचं नाव तिनं घेतलं नाही.